पॉडकास्टला ॲपचे कुलूप कशाला?

मुंबईची पहिली भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये आरेपासून कफ परेडपर्यंत अखंड धावू लागली. ३३.५ किलोमीटर आणि २७ स्थानकांच्या या मार्गाचे जेवढे कौतुक झाले, तेवढाच बोभाटा भुयारात मोबाइलला रेंज नसल्याचा झाला. नेटवर्कची यंत्रणा कोणी उभारायची आणि तिचे किती पैसे मोजायचे, यावरून मेट्रो प्रशासन आणि दूरसंचार कंपन्या यांच्यात तणातणी झाली. मरोळ नाक्याला घाटकोपरची मेट्रो सोडून जिना उतरणाऱ्या प्रवाशाच्या कानातला पॉडकास्ट त्या तणातणीत अर्ध्या वाक्यावर अडकला. हा वाद आज ना उद्या मिटेल. मात्र त्याने एक गोष्ट उघडी पाडली: आपण रोज जे ऐकतो ते आपल्याजवळ नसतेच. ते दुसऱ्याच्या सर्व्हरवर असते, दुसऱ्याच्या ॲपमधून येते आणि दुसऱ्याच्या मर्जीने थांबते. पॉडकास्टच्या बाबतीत ही परवशता पूर्णपणे अनाठायी आहे. कारण पॉडकास्ट ही मुळातच उतरवून घेण्यासाठी घडवलेली वस्तू आहे. ती श्रोत्याने आपल्या संगणकावर, आपण ठरवलेल्या नियमांनी उतरवून घ्यावी. त्यासाठी कमांड लाइनइतके सरळ, फुकट आणि टिकाऊ साधन दुसरे नाही. मराठीसारख्या भाषेला तर या सवयीची गरज इतरांहून अधिक आहे.

पॉडकास्टचे यंत्र आतून किती साधे आहे, हे ॲपच्या चकचकीत पडद्यामागे लपून जाते. प्रत्येक पॉडकास्टची एक फीड असते. आरएसएस नावाच्या पद्धतीने लिहिलेली (नावसाधर्म्याने कोणी दचकू नये) ती एक साधी मजकुराची फाईल असते. तिच्यात प्रत्येक भागाचे शीर्षक, तारीख, थोडी माहिती आणि ध्वनिफितीचा थेट पत्ता असतो. निर्माता नवा भाग चढवतो तेव्हा या यादीत एक नोंद वाढते, बस. फीडमध्ये ध्वनिफितीचा पत्ता जोडण्याची सोय डेव्ह वायनर या अमेरिकी प्रोग्रॅमरने २००१ च्या सुमारास केली. त्यामागे ॲडम करी या निवेदकाचा आग्रह होता. त्या काळी इंटरनेट मंद होते, म्हणून फिती रात्री, माणूस झोपलेला असताना संगणकाने आणून ठेवाव्यात आणि सकाळी त्या अडथळ्याविना ऐकाव्यात, अशी ती कल्पना होती. २००४ मध्ये बेन हॅमर्सली यांनी ‘गार्डियन’मधल्या लेखात ‘पॉडकास्टिंग’ हे नाव सुचवले आणि जून २००५ मध्ये ॲपलने आपल्या आयट्यून्समध्ये पॉडकास्टला जागा दिली. ॲप नंतर आले, उतरवून घेणे आधीपासून होते. फीड ही घरी टाकल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रासारखी आहे: एकदा पत्ता दिला की अंक दारात पडतो आणि पडल्यावर तो आपला असतो.

कमांड लाइन म्हणजे बटणे दाबण्याऐवजी आज्ञा टाइप करण्याची खिडकी. लिनक्स आणि मॅकमध्ये ती टर्मिनल नावाने असते, विंडोजमध्ये पॉवरशेल नावाने. पॉडकास्ट उतरवण्यासाठी तिथे अनेक मुक्त साधने वर्षानुवर्षे चालू आहेत. ‘पॉडगेट’ ही त्यांतली एक स्क्रिप्ट. तिच्या यादीत प्रत्येक पॉडकास्टसाठी एक ओळ लिहायची: फीडचा पत्ता, कोणत्या विषयाच्या फोल्डरमध्ये टाकायचे ते आणि नाव. ‘कास्टगेट’ला पहिल्याच दिवशी सांगता येते की जुने दोनशे भाग आणू नकोस, आजपासून पुढचेच आण; शिवाय अर्धवट राहिलेली फाईल ते जिथे तुटली तिथून पुढे उतरवते. ‘जीपॉडर’ची खिडकीवाली आवृत्ती अनेकांना ठाऊक असते, पण त्याचेच ‘जीपीओ’ हे रूप टाइप केलेल्या आज्ञांवर चालते. काहीच बसवायचे नसेल, तर ‘कर्ल’ २०१८ पासून विंडोज १० मध्येही आयते येते आणि एका आज्ञेत एक भाग आणते. कर्ल वगळता यांपैकी कोणतेही साधन ‘क्रॉन’ या वेळापत्रक सांभाळणाऱ्या व्यवस्थेला जोडले की काम संपले. पहाटे चार वाजता संगणक सगळ्या फीड तपासतो, नवे भाग तेवढे आणतो, महिन्याहून जुने झालेले काढून टाकतो. पुढे केबलने फोनमध्ये किंवा मेमरी कार्डावर नकल करणे एवढेच उरते. हे सारे चार-पाच ओळींत बसते, आणि त्या ओळी एकदा लिहिल्या की वर्षानुवर्षे तशाच चालतात.

यावर पहिला प्रश्न रास्त आहे: ॲप हेच तर करते, तेही एका बोटाने. मग हा खटाटोप कशाला? उत्तर ॲपच्या आयुष्यात आहे. गूगलने २०१८ मध्ये ‘गूगल पॉडकास्ट्स’ आणले, भारतातल्या असंख्य अँड्रॉइड फोनवर अनेकांनी पॉडकास्ट पहिल्यांदा त्यातच ऐकला, आणि २०२४ मध्ये ते बंद केले. श्रोत्यांना आपली यादी दुसरीकडे हलवायला ठरावीक मुदत दिली गेली; ज्यांची ती चुकली त्यांची यादी गेली. ‘रेसो’ हे गाण्यांचे ॲप जानेवारी २०२४ अखेर भारतातून निघून गेले. त्याच वर्षी एअरटेलने ‘विंक म्युझिक’ गुंडाळायचे ठरवले. अशा ॲपमध्ये ‘डाउनलोड’ दाबून साठवलेले सहसा ॲपच्या आतच राहते. ॲप गेले की तेही जाते. म्हणजे त्या बटणामागे मालकी नसते, मालक परवानगी देईल तोवर वापरण्याची मुभा असते. याउलट फीडवरून उतरवलेली एमपी-थ्री फाईल दहा वर्षांनी, कोणत्याही कंपनीच्या फोनवर, कोणाला न विचारता वाजते. शिवाय ॲपचे हित वेगळे असते. आपण निवडलेल्या पाच पॉडकास्टच्या वर ते आपल्याला न विचारता पन्नास सुचवते, कारण आपण जास्त वेळ पडद्यावर राहण्यात त्याचा धंदा आहे. स्क्रिप्टला असला स्वार्थ नाही. सांगितले तेवढे आणते आणि गप्प बसते.

दुसरा आक्षेप पैशांचा. डेटा इतका स्वस्त झाला आहे की साठवण्याची कटकट जुनाट वाटते, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यापासून हे म्हणणे बऱ्याच अंशी खरेही आहे, जरी जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी एकदमच दर वाढवले. पण हिशेब नीट मांडला तर साठवणे त्याहूनही स्वस्त पडते. १२८ किलोबिट दराने ध्वनिमुद्रित केलेला तासाभराचा भाग साधारण ५८ एमबी भरतो. निव्वळ बोलण्यासाठी पुरेशा ६४ किलोबिट दराने त्याच्या निम्मा. ३२ जीबीच्या साध्या मेमरी कार्डावर पहिल्या दराने साडेपाचशे तासांचे ऐकणे मावते. बोरिवलीहून चर्चगेटला स्लो लोकलने रोज जाऊन-येऊन दोन तास ऐकणाऱ्याला ते कामाचे दिवस धरता वर्षभर पुरेल. खरी अडचण पैशांपेक्षा गर्दीची आहे. सकाळी नऊच्या सुमारास अंधेरीच्या फलाटांवर हजारो फोन एकाच वेळी त्याच मोबाइल टॉवरांकडे धाव घेतात, आणि महाग पॅक असलेल्याच्या पडद्यावरही तेच गोल चक्र फिरत राहते. रोज ७० लाखांहून अधिक लोकांनी प्रवास करावा अशा उपनगरी रेल्वेत नेटवर्कवर विसंबून ऐकणे हा जुगार आहे. या शहराला ते नवे नाही. स्मार्टफोन सर्वांच्या हाती येण्याआधी उपनगरांतल्या स्टेशनांबाहेर मोबाइलच्या टपऱ्यांवर मेमरी कार्डात गाणी भरून मिळत. आणि २०१७ मध्ये सारेगामाने ‘कारवाँ’ हा हजारो जुनी गाणी आतच साठवलेला रेडिओसारखा डबा काढला, तो स्वस्त डेटाच्या ऐन बहरात खपला; त्याची मराठी आवृत्तीही निघाली. नेटवर्कची मिनतवारी न करता ऐकायला मिळावे ही भूक डेटा स्वस्त झाल्याने मेलेली नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो: हे इंजिनिअरांचे काम, सामान्यांना कुठे जमणार? मुंबईचाच इतिहास याला उत्तर देतो. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा चित्रे दाखवणारे खाते महाग होते. विद्यार्थी आणि बेताच्या खिशाचे लोक ‘शेल अकाउंट’ घेत, आणि त्यात सगळे काळ्या पडद्यावर टाइप करूनच चाले, ई-मेलसुद्धा. म्हणजे या शहरातल्या इंटरनेट वापरणाऱ्यांच्या पहिल्या पिढीतल्या अनेकांनी कमांड लाइनवरच अक्षरे गिरवली, आणि ते सगळे काही संगणकशास्त्राचे पदवीधर नव्हते. आज शिकण्याची साधने कितीतरी अधिक आहेत. पवईच्या आयआयटीतल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स आणि बॅश स्क्रिप्ट शिकवणारे छोटे धडे आहेत, मराठी आवाजातही आहेत, आणि ज्यांच्याकडे धड इंटरनेट नाही त्यांच्यासाठी ते उतरवून वापरण्याची सोय पहिल्यापासून ठेवली आहे. उतरवून घेतलेल्या धड्यांवर शिक्षण उभे राहते, याचा हा पवईतलाच पुरावा. ज्यांना टाइप करायचेच नाही त्यांच्यासाठी ‘अँटेनापॉड’सारखे मुक्त ॲप आहे, तेही फीडवरच चालते आणि आपली यादी फाईल म्हणून बाहेर काढू देते. घरातल्या प्रत्येकाने आज्ञा पाठ कराव्यात असा आग्रह नाही. मुलुंडच्या एखाद्या इमारतीत एका कॉलेजकुमाराने एकदा स्क्रिप्ट लावून दिली, तर चार घरांतले आजी-आजोबा कार्ड घालून ऐकू शकतात.

साठवण्याच्या हौसेला एक वाईट बाजू आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. उतरवणे फुकट आणि आपोआप झाले की माणूस ऐकण्यापेक्षा जमवतच जातो. न वाचलेल्या पुस्तकांचे ढीग घरोघरी असतात, तसे न ऐकलेल्या भागांचे ढीग डिस्कवर साचतात. पण हा दोष साधनाचा नाही, नियम न घालण्याचा आहे, आणि नियम घालण्याची ताकद कमांड लाइनवरच सर्वांत जास्त आहे. प्रत्येक पॉडकास्टचे शेवटचे तीनच भाग ठेव, बातम्यांचे भाग दोन दिवसांनी काढ, मुलाखती मात्र राहू दे, असे वेगवेगळे नियम वेगवेगळ्या फोल्डरांना लावता येतात. ॲपमध्ये कंपनीने जेवढे पर्याय दिले तेवढ्यातच निवड करावी लागते. ‘व्यवस्थापन’ हा शब्द ऑफिसात कंटाळा आणतो, पण आपण काय ऐकायचे आणि काय ठेवायचे हे स्वतः ठरवणे यालाच इथे व्यवस्थापन म्हणायचे.

सर्वांत गंभीर आक्षेप निर्मात्यांच्या बाजूचा आहे. लोक फाईल उतरवून ठेवू लागले तर पॉडकास्ट करणाऱ्याच्या पोटावर पाय येणार नाही का? फीडवरच्या पॉडकास्टला हा आक्षेप फारसा लागू पडत नाही. तिथे जाहिरात ध्वनिफितीतच असते, ती फाईलबरोबर येते. आणि या धंद्यात लोकप्रियता मोजायचे मुख्य माप डाउनलोड हेच राहिले आहे. आपोआप आलेल्या काही मागण्या मोजणी करणाऱ्या यंत्रणा गाळतात हे खरे, म्हणजे निर्मात्याच्या आकड्यात एखादा श्रोता कमी दिसेल. पण त्या श्रोत्याच्या कानावर प्रायोजकाचे नाव पडतेच. कायद्याची बाजूही पाहावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ खासगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठीच्या रास्त वापराला मुभा देते, आणि फीड तर निर्माता स्वतः होऊन लोकांनी उतरवावे म्हणूनच प्रसिद्ध करतो. ती फाईल पुन्हा चढवून विकणे किंवा वाटणे हा वेगळा मामला. त्याला इथे पाठिंबा नाही. पैसे मोजून ऐकायच्या ‘स्टोरीटेल’सारख्या सेवांतली पुस्तके किंवा यूट्यूबवरचे व्हिडिओ कुलूप तोडून काढण्याचाही हा सल्ला नाही. यूट्यूबच्या अटी, त्याने स्वतः दिलेल्या सोयीखेरीज, डाउनलोड करू देत नाहीत, आणि अट मान्य करून आत गेल्यावर ती मोडणे बरे नाही.

मात्र यूट्यूबचा उल्लेख निघाला की मराठीची खरी अडचण समोर येते. मराठीत आज पॉडकास्टची लाट आहे. ‘अमुक तमुक’, ‘मित्रम्हणे’ यांसारख्या लांबलचक गप्पा लोक आवडीने ऐकतात, पण बहुतेकांची त्यांच्याशी ओळख यूट्यूबवरच्या व्हिडिओतूनच झालेली असते. बीबीसी मराठीचे ‘तीन गोष्टी’ किंवा ‘सोपी गोष्ट’ पॉडकास्ट म्हणून ध्वनिरूपात येतात, तसे सगळेच येत नाहीत. अनेक छोटे निर्माते तर फक्त व्हिडिओ चढवतात, फीड काढतच नाहीत. कारण उघड आहे: प्रेक्षक तिथे आहेत, पैसा तिथे आहे. याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. पण फीड काढल्याने यूट्यूबचे उत्पन्न बुडत नाही. २०२३ पासून खुद्द यूट्यूब निर्मात्यांची फीड स्वीकारू लागले आहे. फक्त व्हिडिओवर राहण्याची किंमत मात्र श्रोता मोजतो. दोन माणसांच्या बोलण्यासाठी तो शेकडो एमबीचे चित्र ओढतो, फोन खिशात ठेवून ऐकण्यासाठी वेगळे पैसे देतो आणि भुयारात शिरताच सारे हरवून बसतो. निर्मात्याची जोखीम तर याहून मोठी आहे. एका कंपनीच्या खात्यावर अनेक वर्षांचे काम ठेवायचे आणि ते खाते उद्या बंद झाले तर दुसरी प्रत कुठेच नसावी, ही व्यवस्था कोणताही पुस्तक प्रकाशक मान्य करणार नाही.

प्रत नसण्याचे परिणाम मुंबईने भोगलेले आहेत. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ मध्ये याच शहरात मॅजेस्टिक सिनेमात लागला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. उलट उदाहरण ब्रिटनचे. बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत खर्च वाचवण्यासाठी ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या अनेक टेप पुसून टाकल्या. चित्रे गेली, पण त्या हरवलेल्या भागांचा आवाज आज ऐकायला मिळतो, कारण काही चाहत्यांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो टिपून घेतला होता. संस्थेने पुसले ते श्रोत्यांनी राखले. आज मराठीत जे बोलले जात आहे (बोलींतल्या गप्पा, शेतकऱ्यांच्या आणि कलावंतांच्या मुलाखती, शहराच्या आठवणी) ते आधी कधीच इतक्या प्रमाणात ध्वनिमुद्रित झाले नव्हते, आणि ते जपण्याची जबाबदारी कायद्याने कोणावरही नाही. १९५४ च्या ग्रंथ-वितरण कायद्यानुसार प्रत्येक पुस्तकाची प्रत देशातल्या चार ग्रंथालयांत पोहोचवावी लागते. त्यांतले एक मुंबईत, एशियाटिकच्या टाउन हॉलमध्ये आहे. पॉडकास्टला हा नियम लागू नाही. कॉपीराइट कायदा सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी डिजिटल प्रत ठेवू देतो, पण त्या कृतीची कागदासारखी बिगर-डिजिटल प्रत आधीपासून जवळ असेल तरच. पॉडकास्टची तशी प्रत नसतेच. म्हणून ग्रंथालयांना आज हे काम निर्मात्यांच्या लेखी परवानगीनेच करावे लागेल.

ते अवघडही नाही. विलेपार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ, मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ यांसारख्या उपनगरी संस्थांनी ग्रंथालये चालवून वाचक घडवले. अशा एखाद्या संस्थेने पन्नास मराठी पॉडकास्टांची यादी करावी, प्रत्येक निर्मात्याकडून एका पानाची संमती घ्यावी आणि एका जुन्या संगणकावर पॉडगेटसारखी स्क्रिप्ट लावावी. एक टेराबाइटच्या डिस्कवर १२८ किलोबिटच्या दराने १७ हजारांहून अधिक तास मावतात. आठवड्याला तासाभराचा एक भाग करणारे पन्नास पॉडकास्ट धरले, तर ती डिस्क भरायला सहा वर्षांहून अधिक लागतील. दुसऱ्या डिस्कवर दुसरी प्रत ठेवली तरी खर्च एका मध्यम पुस्तकखरेदीएवढा. फीड कधीकधी आटतात, पत्ते बदलतात, निर्माते थकून काम सोडतात, हा आक्षेप इथे उलट बाजूने लागू पडतो. फीड कायम राहणार नाही म्हणूनच ती जिवंत असताना उतरवायला हवी. मोठ्या सरकारी प्रकल्पाची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण या कामाला लागतो तो थोडा वक्तशीरपणा, आणि तो यंत्राकडे भरपूर असतो.

म्हणून मागण्या तीनच आणि त्या साध्या आहेत. मराठी पॉडकास्ट करणाऱ्यांनी व्हिडिओबरोबर सार्वजनिक फीड काढावी आणि तिचा पत्ता प्रत्येक भागाखाली ठळक लिहावा. ते काम एका दुपारचे आहे. शाळा-कॉलेजांत संगणक शिकवणाऱ्यांनी सादरीकरण आणि तक्ते यांच्या जोडीला एक तास कमांड लाइनला द्यावा आणि सराव म्हणून विद्यार्थ्याला आपल्या आवडीच्या पॉडकास्टची फीड लावायला सांगावे. फाईल, पत्ता, वेळापत्रक, साठवण या चारही कल्पना त्यात एकदम समजतात. आणि श्रोत्याने किमान एक पॉडकास्ट तरी ॲपबाहेर, स्वतःच्या डिस्कवर आणून ठेवावा. भुयारी मेट्रोतली रेंज सुधारणे कंपन्यांच्या हातात आहे आणि त्यासाठी त्यांच्यामागे लागलेच पाहिजे. पण घरातला संगणक पहाटे चार वाजता काय आणणार, हे ठरवायला आपल्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही. जी मोकळीक तंत्राने पंचवीस वर्षांपूर्वीच देऊन ठेवली आहे, ती वापरायची नाही असे ठरवण्याचे एकही पटणारे कारण सापडत नाही.